मांजराचं पिल्लू, एक खोका आणि जॉन कोल्ट्रेन

मंडळी, गेले तीन आठवडे आमच्या घरात जॅझ चालू होता. कारण बहिणीची साडेचार वर्षांची लेक. न्यू जर्सीहून सुट्टीला आली ती सहा चित्रपुस्तकं घेऊन, आणि सहाच्या सहा पुस्तकांत कुणी ना कुणी नाचत किंवा वाजवत होतं. दोनांत तर अख्खा प्राण्यांचा जॅझ बँड. हॅट आणि काळा गॉगल घातलेला बोका सॅक्सोफोन वाजवतोय, मागे पाणघोडा ड्रम बडवतोय, आणि एक लाजरा प्राणी कोपऱ्यात उभा. शेवटच्या पानावर तो लाजरा नाचायला लागतो, सगळे टाळ्या पिटतात, आत्मविश्वासाचा बोध मिळतो, पुस्तक संपतं. यात जॅझ कुठे होता म्हणाल तर हॅटमध्ये.

त्या गठ्ठ्यात एक मात्र वेगळं निघालं. ख्रिस राश्का नावाच्या चित्रकाराचं, अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ या रचनेवरचं, २००२ सालचं. यात कलाकार चार: पावसाचे थेंब, एक खोका, एक हिमकण आणि मांजराचं पिल्लू. थेंब लय धरतात, खोका पाया होतो, हिमकण वर पसरतो, आणि या सगळ्यावरून पिल्लू उड्या मारत जातं. पिल्लू म्हणजे सुरावट! पातळ, आरपार दिसणाऱ्या रंगांचे थर एकमेकांवर चढत जातात. कोल्ट्रेनच्या वाजवण्याला एका समीक्षकानं ‘स्वरांच्या चादरी’ म्हटलं होतं, त्या चादरी इथे डोळ्यांना दिसतात.

आणि मग मध्येच सगळं कोसळतं. कलाकारांचा घोळ होतो, निवेदक वादन थांबवतो, कुणाचं काय चुकलं ते एकेकाला सांगतो आणि पुन्हा सुरू करायला लावतो. आमच्या बाईसाहेबांना हेच पान हवं असायचं. रोज रात्री, किमान चार वेळा. “मावशी, चुकलेलं वाच ना.”

मी मूळ रेकॉर्डिंग लावून बसले तेव्हा कुठे हा मामला ध्यानात आला. मे १९५९ मधलं रेकॉर्डिंग. चौघंच वाजवतायत: कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, टॉमी फ्लॅनगनचा पियानो, पॉल चेंबर्सचा बास, आर्ट टेलरचे ड्रम. मोजा आता: थेंब, खोका, हिमकण, पिल्लू. ही रचना भल्याभल्यांना घाम फोडणारी. आपल्याकडे षड्ज एकदा धरला की बैठक संपेपर्यंत तो घर सोडत नाही. इथे घरं, म्हणजे षड्जच, तीन, आणि विजेच्या वेगानं एकातून दुसऱ्यात उडी. कोल्ट्रेननं त्याची तयारी घोटून घोटून केली होती. फ्लॅनगनच्या वाट्याला सोलो आला तेव्हा बिचारा अडखळला. तुटक तुटक सूर, मग नुसतेच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), आणि कोल्ट्रेन पुन्हा सूत्रं हाती घेतो. ते अडखळणं तसंच रेकॉर्डवर राहिलं, आजही ऐकू येतं. पुढे १९८२ मध्ये फ्लॅनगननं हीच रचना पुन्हा रेकॉर्ड केली आणि सफाईनं वाजवली. राश्काच्या डोक्यात फ्लॅनगन होता का, कोण जाणे. पण मला ते चुकलेलं पान आता त्याच्याशिवाय बघता येत नाही.

आता माझा खरा मुद्दा, ज्यावर बहिणीशी वाद झाला. जॅझच्या पुस्तकात प्राण्यांना नाचवायचं तर प्राणी संगीताच्या जागी हवा, माणसाच्या जागी नको.

“मुलांच्या पुस्तकात काय एवढं वंशभेद शोधतेस?” असं ती म्हणाली. मी शोधत नाहीये गं, तो तिथे बसलेलाच आहे. हे संगीत घडवलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी. प्राणी आणि हे संगीत यांचं नातं जुनं. १९१० च्या सुमारास, जॅझच्या आधीच्या रॅगटाइम संगीताच्या जमान्यात, अमेरिकेत टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर, बनी हग असे नाच निघाले. लोक चक्क टर्कीसारखे फुदकायचे, अस्वलासारखे झुलायचे. संस्कृतिरक्षकांनी तेव्हाही कपाळावर हात मारून घेतले होतेच. तो खट्याळपणा मला मान्य आहे, आवडतोही. पुढे कृष्णवर्णीय वादक एकमेकांना ‘कॅट’ म्हणू लागले, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं नाव ‘बर्ड’ पडलं. पण ही नावं त्यांची त्यांनी घेतलेली.

डिस्नेच्या १९६७ च्या ‘जंगल बुक’मध्ये माकडांचा राजा स्विंगच्या, म्हणजे जॅझच्याच, तालावर गातो, काय तर म्हणे मला माणसासारखं व्हायचंय. आवाज लुई प्रिमाचा, म्हणजे गोऱ्या गायकाचा, पण संगीत कुणाचं ते अमेरिकेत शेंबड्या पोरालाही कळत होतं. गाणं भन्नाट आहे, मी स्वतः त्यावर नाचले आहे, आणि तरीही त्या ओळीपाशी आता घशात काहीतरी अडकतं. तीन वर्षांनी डिस्नेचाच ‘ॲरिस्टोकॅट्स’ आला. त्यातल्या जॅझ वाजवणाऱ्या बोक्याची भूमिका जॅझचा दिग्गज ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच्यासाठी लिहिली होती. तो आजारी म्हणून स्कॅटमन क्रोदर्स या कृष्णवर्णीय गायकानं आवाज दिला. म्हणजे आवाज खरा, चेहरा बोक्याचा. आणि पुढच्या चित्रपुस्तकांत तो आवाजही गेला, उरली हॅट आणि गॉगल. ज्या माणसांनी हे संगीत घडवलं त्यांना ते घडवण्याच्या काळात कित्येक हॉटेलांत वाजवता यायचं पण राहता यायचं नाही. त्यांच्या जागी आपण पाणघोडा बसवतो आणि मुलाला म्हणतो, बघ, हा जॅझ!

याच राश्काचं १९९२ मधलं चार्ली पार्करवरचं पुस्तक बघा. गोष्ट म्हणाल तर नाहीच. पार्कर माणूसच आहे, हातात त्याचा सॅक्सोफोन आहे, आणि मांजर आहे ते मांजरच. बाकी निरर्थक, टप्पे खात जाणारे शब्द. मोठ्यानं वाचलं तरच कळतं, मनात वाचलं तर काहीच नाही. लहानपणी शेजारच्या तबल्याच्या क्लासमधून बोल ऐकत मोठी झालेय मी, ‘धिरधिर किटतक’चा अर्थ कुणी विचारला नाही कधी. ‘अडगुलं मडगुलं’चा तरी कुठे विचारतो?

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ आठवा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेटसारखे गोव्याचे ट्रम्पेटवाले, हॉटेलांत जॅझ वाजवून आलेले. त्या गाण्यात ‘माका नाका’ येतं ना? ते कोंकणी आहे, ‘मला नको’. आमची सगळी गल्ली त्यावर नाचायची आणि ती जॅझची पोरं आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

एका मैत्रिणीनं सुचवलं, राश्काच्या पुस्तकांचा मराठी अनुवाद कर. पार्करच्या पुस्तकाला मी हात लावणार नाही. त्यात अनुवाद करण्यासारखं जे आहे ते सॅक्सोफोनमध्ये आहे. त्यापेक्षा कुणी चिक चॉकलेटवर चित्रपुस्तक काढा. त्यात मांजर घाला, खेकडा घाला, नाचवा पाहिजे तेवढे. फक्त ट्रम्पेट त्याच्याच हातात राहू द्या.

पुस्तकं पाहुण्यांबरोबर परत गेली. काल व्हिडिओ कॉल चालू असताना आमच्याकडे पत्र्यावर पाऊस धो धो कोसळायला लागला, काही ऐकू येईना. तिकडून बाईसाहेब ओरडल्या, “मावशी, थेंब चुकले! त्यांना सांग, परत पहिल्यापासून!”