२५५ बाइटांचा हापूस

एप्रिल महिन्यात देवगडमध्ये संगणक जाणणाऱ्या माणसाने घरी सापडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर त्याला कोणी विचारत नाही, कारण पेटी भरणे आणि पेटी उचलणे या दोन्ही कामांत त्याचा उपयोग नसतो. पण संध्याकाळी वाशीची गाडी सुटली की सगळ्यांना त्याची आठवण होते. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आपल्या बागेतला आंबा संकेतस्थळावरून थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना विकतो, आणि त्याच्या पावत्यांचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत होते. "मेल पाठवलंय मां, मगे ती जातत खंय?" असे त्याने मला ज्या सुरात विचारले, त्यावरून ते वाटेत मीच उतरवून घेतो, असा त्याचा संशय दिसला.

मेल आपल्याच डोमेनवरून निघाला आहे, हे पटवण्यासाठी डीकिम या मेलवरच्या डिजिटल सहीची सार्वजनिक किल्ली, म्हणजे ती सही कोणालाही तपासता यावी यासाठीचा कोड, डीएनएस या इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) म्हणून ठेवावी लागते. त्यात हवा तेवढा मजकूर सलग लिहिता येत नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या नियमपत्रात घालून दिलेल्या नियमानुसार या रेकॉर्डमध्ये एक किंवा अधिक तुकडे असतात, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी सांगणारा एक बाइट असतो, आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नसल्याने तुकडाही त्याहून मोठा होऊ शकत नाही. "पेटयेर डझन लिवतंव, तसाच मां ह्या?" दादाने विचारले, आणि मी तयार ठेवलेले लांबलचक स्पष्टीकरण वाया गेले.

आरएसए प्रकारची २०४८ बिटांची किल्ली बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, ३९२ अक्षरांची होते, आणि तिच्या आधीची आवृत्ती वगैरे सांगणारी १८ अक्षरे धरली की बेरीज ४१० वर जाते. म्हणजे २५५ आणि १५५ असे दोन तुकडे. डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पॅनेलने पहिला तुकडा ठेवला, दुसरा गुपचूप टाकून दिला आणि वर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असे जाहीर केले. मदतकक्षाने अवतरणचिन्हे घालायला सांगितली. पॅनेल स्वतःची अवतरणचिन्हे घालतच असल्यामुळे ही नवी चिन्हे किल्लीचा भाग होऊन बसली. मग तिथल्याच एका वरिष्ठांनी अवतरणचिन्हे मुळापासून काढून कच्ची झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डांची मूळ यादी, स्वहस्ते चढवली. अवतरणाबाहेरच्या अर्धविरामानंतरचे सारे काही झोन फाइलमध्ये टिप्पणी समजून वगळले जाते, हे त्यांच्या गावीही नव्हते. पहिला अर्धविराम आवृत्तीच्या लगेच नंतर येतो, त्यामुळे जगाला आता किल्ली न दिसता फक्त तिची आवृत्ती दिसू लागली.

शेवटी पॅनेलचा नाद सोडून मी एपीआयमार्फत, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेशी प्रोग्रामने थेट बोलण्याच्या वाटेने, रेकॉर्ड लिहिणारा आणि परत वाचून तपासणारा प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. वाचण्याच्या बाबतीत प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा आहे. गो भाषेतले फंक्शन एका रेकॉर्डचे तुकडे परस्पर जोडून देते, जावास्क्रिप्ट चालवणारे नोड याद्यांची यादी हातात ठेवते, आणि पायथॉनची डीएनएसपायथॉन ही लायब्ररी बाइटांचे तुकडे जसेच्या तसे देऊन गप्प बसते. ते जोडताना मध्ये जागा सोडायची नसते. नीटनेटकेपणाच्या हौसेने ती सोडणारे प्रोग्राम कमी नाहीत. डीकिमची किल्ली अशी आगंतुक जागा पोटात घालते. एसपीएफची ओळ, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे हे सांगणारा रेकॉर्ड, तेवढी सोशिक नाही. शिवाय २०१४ च्या आरएफसी ७२०८ प्रमाणे तिचे तुकडेही जागा न सोडताच जोडले जातात, त्यामुळे तुकडा पाडणाऱ्याने सांध्यापाशी आवश्यक ती जागा राखली नसेल, तर दोन सर्व्हरांची नावे एकमेकांना चिकटतात आणि आंब्याच्या पावत्या पाठवण्याचा अधिकार अद्याप जन्माला न आलेल्या सर्व्हरला मिळतो.

पावत्या पोहोचू लागल्या, आणि दादाचा उत्साह वाढला. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तर तेही या रेकॉर्डमध्ये मराठीतून का लिहू नये, असे त्याने विचारले. रेकॉर्डची हरकत नसते, कारण त्याला बाइट कळतात, भाषा कळत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेते. 'देवगड' लिहायला १५ बाइट लागतात, आणि तपासायला गेल्यास पडद्यावर २२४, १६४, १६६ असे आकडे उमटतात, जे दादाला कालच्या भावासारखे वाटले. दादाच्या ओळीत पत्ता आधी आणि माल नंतर होता, आणि शब्दांमधली जागा एकच बाइट घेत असल्याने तीनाचा हिशेब विस्कटून २५५ वा बाइट बरोबर 'हापूस'मधल्या 'प'च्या पहिल्या बाइटावर आला. आधी सगळे तुकडे जोडावेत आणि मगच अक्षरे वाचावीत, म्हणजे शब्द अखंड दिसतो, हे मी परोपरीने सांगितले. "पिनकोड काढून टाक, पण हापूस कापू नको," दादाने निक्षून सांगितले. सहा देवनागरी आकडे आणि एक जागा, असे १९ बाइट मी काढले. आता काप 'हापूस'नंतरच्या 'मोफत घरपोच' या शब्दांपैकी 'मोफत'मधल्या 'त'वर पडतो, आणि त्याबद्दल दादाची काहीही तक्रार नाही.