तंबोरा गवसणीतच बरा

संगीत विभागात प्रवेश मिळालाय ना? मग आधी माहितीपत्रकातलं 'उपलब्ध सुविधा' हे पान काढा. तंबोरे सहा, पेट्या चार, तबल्याच्या जोड्या पाच, पखवाज एक, ध्वनिरोधक रियाज कक्ष, विभागाचं स्वतंत्र ग्रंथालय. यातला एकही आकडा खोटा नाही. कुणीही यावं आणि मोजून घ्यावं. विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते तेव्हा मोजतेच. तुम्ही मात्र मोजून झाल्यावर हात लावायला जाऊ नका. वाद्य वाजवलं की झिजतं, झिजलं की दुरुस्तीला काढावं लागतं, आणि दुरुस्ती म्हटली की फाईल आली. फाईल अतिविलंबित एकतालात चालते. सम कुठे पडेल ते लेखा विभागातले भाऊसाहेबच जाणोत.

तरीही तंबोरा काढायचाच असा हट्ट असेल तर कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते. मामा आषाढीला पंढरपूरला जातात आणि किल्ली त्यांच्याबरोबर वारी करते, हे धरून वेळापत्रक आखा. कपाट उघडलं की गवसणी काढा आणि आधी तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, बघा. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, काम मिरजेच्या कारागिराचं. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि या तबलीवर मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटने ठसठशीत 'डे. स्टॉ. क्र.', म्हणजे डेड स्टॉक नोंदवहीतला क्रमांक, लिहिलेला. नाद तबलीच्या कंपनातून येतो आणि रंगाच्या जाड थराने तो दबतो, असल्या क्षुल्लक शंका भांडारपालांपुढे काढू नका. नंबर मागच्या बाजूला टाकला तर पडताळणीच्या वेळी वाद्य उलटं करावं लागतं, हा त्रास तुमच्या लक्षात येत नाही.

आता जुळवणी. पहिली तार मंद्र पंचमाला, मधल्या दोन जोडाच्या षड्जाला, चौथी पितळी खर्जाला. आधी खुंटीने जवळपास आणा, मग खालचा मणी सरकवून बारीक स्वर लावा, शेवटी घोडीवर तारेखाली दोरा पुढे-मागे करत जवारी, म्हणजे तारेची झणकार, उघडा. दोरा केसभर सरकला की तार एकदम झणकारते, त्याच्या अलीकडे-पलीकडे नुसती ठणठणते. पुस्तकात हे एवढंच असतं. विभागात खुंटी स्वरावर येते आणि सोडली की सर्रकन उलटी फिरते, कारण उन्हाळ्यात लाकूड आक्रसून ती भोकात सैल झालेली असते. यावर खडू घासा. हा अस्सल उपाय आहे आणि खडू ही विद्यापीठ मुबलक पुरवतं अशी एकमेव वस्तू आहे. पावसाळ्यात तीच खुंटी फुगून घट्ट बसते. तेव्हा जोर लावू नका. खुंटी मोडली तर तिची किंमत तुमच्या अनामत रकमेतून जाईल आणि तंबोरा मात्र तीन तारांवर पुढच्या तीन तुकड्या काढेल. तासाच्या साठ मिनिटांतली वीस जुळवणीत गेली तरी घाबरू नका. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरलेले असतात. त्यांतले गायचे किती, हे कुठे लिहिलंय?

मुलींसाठी वेगळी सूचना. सहाच्या सहा तंबोरे मर्दानी, कारण मागणीपत्रात 'तंबोरा, मोठा' एवढंच लिहिलं होतं. ते काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लागतात. तुमचा आवाज काळी चार-पाचचा. वर ताणू नका, तार तुटेल, आणि नवी तार कशी येते ते पुढे सांगतो. त्यापेक्षा हिशेब करा. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तेव्हा पंचमाची तार तुमचा षड्ज समजा, म्हणजे जोडाच्या तारा आपोआप तुमचा मध्यम होतात. झालं काम! दोन वर्षं शुद्ध मध्यमाचे मालकंस, बागेश्री आणि चंद्रकंस गा. अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात यमन आहे खरा, पण तुम्ही तीव्र मध्यम लावताना मागे दोन-दोन तारा शुद्ध मध्यम घोकत असतील तर दोष तुमच्या कानांचा. बहिःस्थ परीक्षकही शेऱ्यात तेच लिहितील.

एप्रिल-मेमध्ये परीक्षा असते, पारा चाळिशी ओलांडतो आणि इकडची मराठवाड्याची कोरडी हवा आपलं संगीतज्ञान दाखवते. तार तापली की सैल पडते, म्हणजे तंबोरा उतरतो. तबल्याचं कातडं वाळून आवळतं, म्हणजे तबला चढतो. सकाळी दोघांना एका स्वरात बसवलं तर दुपारी बारापर्यंत त्यांच्यात श्रुतीभराचं, म्हणजे स्वराहूनही बारीक, अंतर पडतं. तुम्ही कुणाच्या बाजूने गायचं ते आधीच ठरवून ठेवा. अनुभवी विद्यार्थी तबल्याच्या बाजूने जातात. तो जवळ असतो आणि जोरात वाजतो.

तबला उतरवायचा तर गट्ठे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, वर सरकवा, मग हातोडीने गजऱ्याला, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या कडेला, खालून हलकेच ठोका देत घराघराने फिरा. चढवायचा तर उलट. सोळा घरं आहेत. चाटेवर, म्हणजे तोंडाच्या काठावर, एकेक टिचकी मारत समोरासमोरची घरं मिळवत गेलं तर पाच-सात मिनिटांत काम होतं. पण एक लक्षात ठेवा, पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, ज्या स्वरासाठी बांधलेली असते त्याच्या स्वरभर इकडेतिकडेच ती नीट बोलते. फार ताणली तर मधल्या काळ्या शाईजवळ फाटते, फार सोडली तर भांड्यावर ओला टॉवेल ठेवल्यासारखी वाजते. विभागातल्या पाचही जोड्या साधारण साडेपाच इंची तोंडाच्या, म्हणजे काळी एकच्याच. पाच का घेतल्या? एका निविदेत एकच तपशील बसतो म्हणून.

आता पुडी फाटली आहे असं समजू. हा भाग नीट वाचा. पुडी हजाराच्या आसपास येते आणि जाणता कारागीर अर्ध्या दिवसात वादी, म्हणजे कातड्याची दोरी, ओढून बसवून देतो. तुम्ही काय करायचं? विभागप्रमुखांना अर्ज. त्यावर शेरा: 'तीन कोटेशन मागवावीत.' शहरात पुड्या बसवणारे मोजकेच, ते एकमेकांचे भाऊ नाहीतर चुलते. तिघांची कोटेशनं एकाच हस्ताक्षरात येतात, म्हणून आक्षेप. आक्षेपाला खुलासा. मग कळतं की कारागिराकडे जीएसटी क्रमांक नाही, लेटरहेड नाही, आणि त्याचं बिल वहीच्या पानावर आहे. दुसरा आक्षेप. मग प्रश्न येतो, पुडी उपभोग्य वस्तू की जडवस्तू? उपभोग्य असेल तर वर्षाची तरतूद मार्चमध्ये संपलेली असते. जडवस्तू असेल तर जुन्या पुडीचं आधी निर्लेखन करा, म्हणजे नोंदवहीतून तिचं नाव काढा, त्यासाठी समिती नेमा. समितीत एक जण अभियांत्रिकीचा हवा. शेवटी कुणीतरी सुचवतं की पुडीपेक्षा अख्खी नवी जोडी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेणं सोपं. ते खरंही असतं. अशाने जोड्यांची संख्या वाढत जाते आणि वाजणाऱ्या जोड्या तेवढ्याच राहतात.

लेखा विभागावर रागावू नका. त्यांचा संगीतावरचा हक्क तुमच्यापेक्षा जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव हा पेशाने श्रीकरणाग्रणी, राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. सात अध्यायांचा तो ग्रंथ आजही तुमच्या शास्त्राच्या पेपरात असतो. याच शार्ङ्गदेवाने बावीस श्रुती समजावण्यासाठी बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायला सांगितल्या आहेत, एक ध्रुव, एक चल. एक तशीच ठेवायची, दुसरी उतरवत जायची. बरं झालं स्वतःच हिशेबखात्यात होता! आज हाच प्रस्ताव गेला असता तर समासात शेरा आला असता: 'एकाच तपशिलाच्या दोन वीणा कशासाठी? एकीचा वापर होणार नसल्याचे प्रस्तावातच नमूद आहे. एक कमी करावी.'

पेटीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती. पुढे आकाशवाणीने ती शिथिल केली, विभागातल्या पेट्या अजून पाळतात. भात्याची कातडी पट्टी उंदरांनी खाल्लेली असते, त्यामुळे हवा सुरांपर्यंत पोचायच्या आत बाहेर येते. एखादा सूर सारखा बोलत राहिला तर पट्टीखालच्या झडपेत कचरा अडकलाय असं समजा आणि त्यालाच षड्ज माना.

ध्वनिरोधक कक्षात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण आवाज शोषायला कागदाच्या गठ्ठ्यांइतकं चांगलं काही नसतं. कक्ष आता खऱ्या अर्थाने ध्वनिरोधक झालाय. रियाज व्हरांड्यात करा. तिथे ट्यूबलाइट आहे. तिच्या जुन्या चोकचा गुणगुणाट वीजपुरवठ्याच्या दुप्पट, सेकंदाला १०० कंपनांचा, म्हणजे पांढरी पाचपेक्षा किंचित चढा. हा स्वर सहसा कुणाचाच नसतो, पण तो उतरत नाही, चढत नाही, त्याला खडू लागत नाही. वीज गेली तर मोबाइलमधला तानपुरा काढा. तो वर्गात चालत नाही, 'यांत्रिक साधनांनी कान बिघडतो' असं मॅडम सांगतात आणि पुढच्याच तासाला स्वतःचा फोन पेटीवर ठेवून तोच लावतात.

ग्रंथालयात संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग असायला हवेत. पाच असतात, सहावा एका निवृत्त सरांच्या घरी आहे. पुस्तक घरी मिळत नाही, झेरॉक्स मिळते. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब. झेरॉक्सची झेरॉक्स काढत चौथ्या पिढीला पोचेपर्यंत ही रेघाटिंबं उडून जातात आणि नुसती अक्षरं उरतात. भैरवीतले चारही कोमल शुद्ध होतात, तोडीचंही तेच. भातखंड्यांनी दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा साच्यांत, राग बसवायला आयुष्य घालवलं. कोपऱ्यावरचं मशीन रुपयाला एक पान या दराने दहाही थाट बिलावल, म्हणजे सगळे स्वर शुद्ध, करून देतं. परीक्षेच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची सुविधा नाही.

पीएचडीचा विचार असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधीच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. अडचण अशी की यमनाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि संवादी, म्हणजे त्याखालोखालचा, निषाद हे आजवर सगळ्यांनी तसंच लिहून ठेवलंय, आणि बंदिशीचे शब्दही तुमचे नसतात. सॉफ्टवेअर सगळं लाल करतं. टायपिंगवाल्याकडे यावर तोड आहे. तो 'संवादी स्वर निषाद' याचं 'सहकारी ध्वनी सातवा' करून देतो. टक्केवारी झर्रकन उतरते. फार घाई असेल तर वादी-संवादींची अदलाबदल करा. प्रबंध मौलिक ठरेल.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: गावचा हरिनाम सप्ताह. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत तिथे पेटी आणि पखवाज सात दिवस वाजत असतात, कुणीही बसतं, कुणीही गातं, नोंदवही नाही. अशाने वाद्यांना वापराची सवय लागते. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, बसण्याआधी ताजी कणीक लावायची आणि उठताना खरवडून काढायची हे तिथलं शाळकरी पोरगंसुद्धा जाणतं, कारण कणीक वाळली की कातडं ओढतं आणि रात्री उंदीर येतात. विभागातल्या पखवाजावर गेल्या नॅकची कणीक अजून आहे. ताजी आणायची सोय नाही. गव्हाचं पीठ हे वसतिगृहाच्या भोजनालयाचं लेखाशीर्ष, त्याला संगीत विभागाची मागणी जोडता येत नाही. अंबाजोगाईजवळच्या आपेगावातून शंकरबापू आपेगावकरांसारखा पद्मश्री पखवाजिया निघाला, तो अशा कुठल्याच सुविधा नसताना. तुम्हाला ती मुभा नाही.

पैशांचं म्हणाल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने येतात. जाहिरात विभागाच्या फलकावर लागते, शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. रोज संकेतस्थळ बघा, फलक बघू नका. हे सांगताना आम्ही चेष्टा करत नाही.

बाकी वर्षभर काम भरपूर असतं. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन, कुलगुरूंचं स्वागतगीत, पाहुण्यांचं स्वागतगीत, राज्यगीत, पसायदान. तालमीला माईक एकच मिळतो, तो पेटीसमोर ठेवतात. साथीदाराचं पद रिक्त असल्यामुळे तबल्याला तुमच्यातलाच कुणीतरी बसेल, बहुधा ज्याला डग्ग्यावर मनगट ठेवता येतं तो.

शेवटच्या सत्रात ना-देय, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. ग्रंथालय, वसतिगृह, क्रीडा विभाग सह्या देतील. संगीत विभागात भांडारपाल वही उघडून सांगतील की तुमच्या नावावर एक तबल्याची हातोडी आहे. तुम्ही ती कधी पाहिली नसेल, तुमच्या आधीच्या तुकडीनेही पाहिली नव्हती, पण दर वर्षी एक हातोडी येणं असते. वाद घालू नका. सराफा भागात नाहीतर तबलेवाल्याकडे मिळेल ती पितळी घ्या, मूठ घट्ट आहे का बघा, आणि जमा करताना पावती जोडा. वहीच्या पानावरची चालत नाही, जीएसटीची आणा.