जाब विचारायचा तरी कोणाला?

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ठाण्यातल्या एका रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) मागावी, तर महिना उलटत आल्यावर ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र हाती पडते. संबंधित नव्हती, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायला काय झाले होते? नगरसेवकाला धरावे, तर राज्यघटनेत महापालिकेची पाच वर्षांची मुदत स्पष्ट असूनही नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार हाकत राहिले! मालमत्ता कर थकला की आमच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती. माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंडाची तरतूद आहे, तो प्रत्यक्षात भरतो कोण?