‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकांस

भीतीच्या आठवणी आणि ॲस्ट्रोसाइट (न्यूरॉन या मज्जापेशींच्या सोबतीला असणाऱ्या, मेंदूतल्या चांदणीसारख्या पेशी) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘आठवणी न्यूरॉनमध्ये असतात. ॲस्ट्रोसाइट त्यांना फक्त रसद पुरवतात. उंदरांवरचे प्रयोग माणसाला चिकटवू नका. आधी अभ्यास वाढवा.’

शेवटचं वाक्य नसतं तर दोन ओळींत आभार मानून मी मोकळा झालो असतो. मतभेदाला माझी ना नाही. पण टोपणनावाआड लपून परीक्षकाचा आव आणायचा, ही कुठली रीत? लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, एवढं मान्य.

आता तुमचं ते ‘फक्त’. रसदीचंच घ्या. २०११ मध्ये क्रिस्तिना अल्बेरिनी यांच्या गटाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात, ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फुटणं रोखलं. हा साठा मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्ये असतो. झटका बसलेल्या कप्प्याची आठवण टिकेना. त्या साखरेपासून बनणारं लॅक्टेट हे इंधन बाहेरून दिलं, तर टिकली. म्हणजे रसदही ‘फक्त’ नाही.

२०१८ मध्ये इनबाल गोशेन यांच्या प्रयोगशाळेने उंदीर शिकत असतानाच हिप्पोकॅम्पसमधले ॲस्ट्रोसाइट उद्दीपित केले. दुसऱ्या दिवशी भीतीची आठवण जास्त पक्की निघाली. थेट न्यूरॉन सरसकट उद्दीपित केले, तर ती पार बिघडली. नुसती रसदच असती तर असा उलटा निकाल का लागावा, ते सांगा की!

आणि २०२४ चं काम, ज्यावर माझा लेख बेतलेला होता आणि जे तुम्ही सोयीस्करपणे वगळलंत. बेंजामिन डनीन यांच्या गटाने झटका बसताना जे मोजके ॲस्ट्रोसाइट सी-फॉस (पेशी नुकतीच सक्रिय झाल्याची खूण) दाखवत होते, तेवढेच हेरून ठेवले. पुढे उंदराला निराळ्याच पेटीत ठेवून त्याच पेशी जागवल्या. झटका नाही, ओळखीची जागा नाही, तरी उंदीर जागच्या जागी थिजला. त्याच पेशींतलं एनएफआयए हे जनुक काढलं, तर आठवण जागी होईना. न्यूरॉन बिनकामाचे आहेत असं मी म्हटलेलं नाही. ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत.

राहिला माझा अभ्यास. उंदराच्या मेंदूच्या चकत्या रंगवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. जीएफएपी हे सांगाड्यातलं प्रथिन रंगवलं की ॲस्ट्रोसाइटचा चांदणीसारखा सांगाडा तेवढा उठून दिसतो. सायनॅप्सना, म्हणजे न्यूरॉनमधल्या सांध्यांना, वेढणारा अतिबारीक फांद्यांचा झुबका दिसतच नाही. तो सांगाडा पाहून ‘एवढंच ना?’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनी निदान मायक्रोस्कोपला डोळा तरी लावला होता.

उंदीर आणि माणूस यांत फरक असतो, हे मलाही कळतं. पीटीएसडीवर (आघातानंतरच्या मनोविकारावर) इलाज सापडला, असं लेखात कुठेही नाही. पुढे चला.

माझ्या पदवीची चौकशी करणारी तुमची दुसरी प्रतिक्रिया मी उडवली आहे. ‘माझ्याविषयी’ या पानावर ती पदवी ठळक अक्षरांत दिलेली आहे.