सुशील ग्राहकाने पिवळ्या दिव्याचे काय करावे

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की काही उतावळे नागपूरकर पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट बसले आहे का, हे आधी पाहतात. आपण असे करू नये. काही गाड्यांमध्ये सैल झाकणामुळेही हा दिवा लागतो हे खरे, परंतु झाकण फिरवून सुटण्याइतके सामान्य दुखणे आपल्या गाडीला व्हावे, यात प्रतिष्ठा ती काय? थेट अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमध्ये जावे, आणि शनिवारी सकाळीच जावे, म्हणजे आपल्या गाडीकडे दिवसभर कोणी फिरकले नाही तरी गर्दीला दोष देता येतो. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला उभी न करता वेग वाढवावा. लुकलुकणारा दिवा बहुधा मिसफायर सांगतो. सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून भाजून काढते, आणि कन्व्हर्टर बदलावा लागला की बिलाला जो भारदस्तपणा येतो, तो नुसत्या स्पार्क प्लगने येत नाही.

काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आपल्याला ‘काकाजी’ म्हणेल. तेवढ्याने विरघळून जावे. दिवा कधी लागला, गाडी थंड असताना की चढावर, पेट्रोल भरल्यानंतर की पावसात, यातले काही सांगू नये. ‘एकदा सगळंच पाहून घ्या’ एवढेच म्हणावे. या एका वाक्याच्या आधाराने जॉब कार्डवर इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, व्हील अलाइनमेंट आणि अंडरबॉडी कोटिंग ही मंडळी सहकुटुंब उतरतात. अंदाजे खर्चाचा रकाना रिकामा असला, तरी खाली सही करावी. ‘काकाजी, टेन्शनच नका घेऊ, संध्याकाळी गाडी घेऊन जा,’ असे तो म्हणेल. कोणत्या संध्याकाळी, हे विचारणे असभ्यपणाचे ठरेल. वर्कशॉप कामठी रोडला असेल, तर ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो मिळते आणि ऑरेंज लाइनने थेट खापरीपर्यंत जाता येते. मेट्रोच्या डब्यात आपल्यासमोर कोणताही डॅशबोर्ड नसतो, हे सुख काही थोडे नाही.

आता मुख्य पथ्य. दिवा लागला म्हणजे गाडीच्या संगणकाने एक कोड नोंदवलेला असतो आणि स्टिअरिंगच्या खालच्या पोर्टला स्कॅनर जोडला की तो काही मिनिटांत वाचता येतो. हा कोड आपण कदापि मागू नये. समजा तो ‘पी०४२०’ निघाला, तर त्याचा अर्थ कन्व्हर्टरचे काम अपेक्षेपेक्षा कमी पडते आहे असे संगणकाला वाटले, एवढाच असतो; कारण कन्व्हर्टर असेल, मागचा ऑक्सिजन सेन्सर असेल किंवा एक्झॉस्टमधली गळतीही असेल. कोड संशयाची जागा दाखवतो, गुन्हेगार दाखवत नाही, आणि पुढची तपासणी माणसानेच करायची असते. एवढे कळलेला ग्राहक ‘सेन्सरची तपासणी केली का?’ असे विचारू लागतो आणि वातावरण उगीच बिघडते. म्हणून हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर घरात आणू नये. शेजाऱ्याकडे असेल, तर त्याच्याशी बोलणे कमी करावे.

स्कॅनरचे बटण दाबून कोड पुसला, की दिवा तत्काळ विझतो. थर्मामीटर झटकून ताप उतरवण्याची ही पद्धत वर्कशॉपइतकीच ग्राहकालाही प्रिय आहे. पुसताना बहुधा बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते, म्हणजे त्या वेळी इंजिनाचे फेरे किती होते, तापमान किती होते, भार किती होता, हे सारे. त्यामुळे पुढच्या मेकॅनिकच्या डोक्याला ताप राहत नाही. शिवाय अनेक बिघाड गाडी चालवण्याच्या सलग दोन खेपांमध्ये आढळल्याशिवाय संगणक दिवा लावत नाही. वर्धा रोडने घरी पोचेपर्यंत डॅशबोर्ड स्वच्छ असतो आणि पैसे सत्कारणी लागल्याचे समाधान निदान रविवारपर्यंत टिकते.

बीएस६ डिझेल गाडीवाल्यांचे भाग्य आणखी थोर. १ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या प्रदूषण-निकषाच्या या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचते आणि ती जळून जाण्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. धरमपेठ ते सदर एवढाच जिचा संसार आहे, त्या गाडीचा फिल्टर भरणारच. समृद्धी महामार्ग शहराच्या वेशीवरून सुरू होतो आणि काय करावे हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. म्हणून मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट जपून ठेवावे.

वॉरंटीचा विषय निघालाच, तर उंदीर निघेल. वायर उंदराने कुरतडली असे सांगितले की वॉरंटीची गोष्टच संपते, आणि उंदीर साक्षीला येत नाही. कुरतडलेली वायर किंवा बदललेला जुना पार्ट पाहायला मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. बिलावर लेबरचा १८ टक्के जीएसटी वाचून मान डोलवावी आणि ‘कन्झ्युमेबल्स’ या ओळीत काय काय वापरले, हे गूढ अबाधित ठेवावे. दोन दिवसांनी सेवा कशी वाटली हे विचारणारा फोन येईल, तेव्हा दहापैकी दहा गुण द्यावेत; नऊ दिले तर वर्कशॉपच्या पोराचा पगार कापतात, असे अ‍ॅडव्हायझरच आधी हळूच सांगून ठेवतो.

एवढे करून दिवा पुन्हा लागलाच, तर कोणी तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सुचवेल. लिहून घेऊ नये. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ‘काकाजी, पार्ट कंपनीकडून यायचा आहे’ या एका वाक्यावर ती आरामात काढता येते.