"अंगठ्या घालून खेळणाऱ्याने बोलू नये": अनामिक यांच्या कमेंटला उत्तर

अनामिक,

तुमची कमेंट परवाच वाचली होती. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर नुसतं भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो, आणि त्या दोन दिवसांत एक असा उद्योग केला की आता लिहिताना माझाच आवाज जरा खाली आलाय. ते येतंच पुढे. आणि हो, उत्तर एवढं लांबलं की कमेंटच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळी पोस्ट.

ज्यांनी मूळ भांडण वाचलं नाही त्यांच्यासाठी: मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की फायनल फँटसी या जुन्या जपानी व्हिडिओ गेम सिरीजचा सोळावा भाग, फायनल फँटसी १६, गेम म्हणून भारी आहे पण तो फायनल फँटसी नाही, कारण खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नसतं, बटण बडवत राहिलं की झालं. त्यावर अनामिक यांचं म्हणणं असं की मला सगळ्या सिरीज लहानपणी होत्या तशाच्या तशा हव्यात. रेसिडेंट ईव्हिल ७ या हॉरर गेमने अख्खा कॅमेरा बदलला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, याकुझाने हाणामारी सोडून टर्न-बेस्ड (आळीपाळीने वार करायचे) केलं तेव्हाही वाजवल्या, आणि १६ ने नेमकं त्याच्या उलट केलं तर गळा काढतोय, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आणि सगळ्यात शेवटी, माझ्याच पोस्टमधल्या स्क्रीनशॉटमध्ये ऑटोवाल्या अंगठ्या घातलेल्या दिसतायत, "अंगठ्या घालून खेळणाऱ्याने कॉम्बॅटवर बोलू नये."

पकडलंत राव.

खरंय ते. स्टोरी फोकस्ड म्हणजे सोपा मोड घेतला की त्या अंगठ्या आयत्याच मिळतात, एक घातली की एकच बटण दाबत राहिलं तरी मस्त मस्त कॉम्बो (सलग वार) पडतात, दुसरी घातली की समोरच्याचा वार गेमचा हीरो क्लाइव्ह आपोआप चुकवतो. मी रात्री उशिरा, अर्धवट झोपेत खेळायचो, म्हटलं निदान गोष्ट तरी बघू, आणि तसाच शेवटपर्यंत गेलो. आणि मग पोस्ट लिहिली की यात नुसतं बटण बडवायचं असतं! म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि वर पोचल्यावर तक्रार करायची की जिना काही दमवत नाही.

तर उद्योग हा केला की जुनी सेव्ह उघडली, अंगठ्या काढल्या आणि हाइडअवे म्हणजे गेममधल्या अड्ड्यावर सरावाचा दगड आहे, त्यापाशी जाऊन जुन्या स्टेज परत खेळलो. पहिल्या तासात इतक्या वेळा मेलो की आकडा सांगत नाही. पण मग हळूहळू दिसायला लागलं की तीन आयकॉन (टायटन, ओडिन असे शक्ती देणारे महाकाय प्राणी) घेता येतात, प्रत्येकाच्या दोन-दोन म्हणजे सहाच अ‍ॅबिलिटी, आणि त्या सहांत काय ठेवायचं नि काय सोडायचं यावर खरंच डोकं लावावं लागतं. टायटनचा ब्लॉक नेमक्या क्षणी लागला की जो उलटा ठोसा बसतो त्याची मजा अंगठीवाल्याला कधीच कळणार नाही. आणि ओडिनचं ते मीटर, मारत मारत पाचपर्यंत चढवायचं आणि बॉस स्टॅगर झाला, म्हणजे गडबडून थांबला, की एकदम सोडायचं, हे तर मी आधी धड वाचलंसुद्धा नव्हतं. या गेमचं कॉम्बॅट ज्यांनी केलंय ते र्‍योता सुझुकी कॅपकॉममध्ये डेव्हिल मे क्राय ५ या अ‍ॅक्शन गेमवर होते, हे मला माहीत होतं, तरी मी बटण बडवा म्हणालो. तर ते वाक्य मी पोस्टमध्ये खोडलंय. डिलीट नाही केलं, रेघ मारलीये, वाचू दे लोकांना.

पण बाब्या-कार्ट्याचं मान्य नाही.

माझं म्हणणं मी मागच्या वेळी चुकीच्या शब्दांत लिहिलं, आता नीट लिहून बघतो. कुठलीही लांब चाललेली सिरीज आपल्या जिवाला एक ठरावीक घोर लावते. तो घोर तोच राहिला की कॅमेरा बदला, कॉम्बॅट बदला, देश बदला, माझी काहीच हरकत नाही. तो घोर गेला की मग नाव, संगीत, लोगो सगळं जागेवर असलं तरी काहीतरी निसटतं.

रेसिडेंट ईव्हिलचा घोर कुठला? गोळ्या किती उरल्या, बॅगेत जागा किती, आणि सेव्ह करायची खोली अजून किती दार लांब. १९९६ पासून हेच. आता २०१२ चा सहावा भाग घ्या. कॅमेरा जुन्या हीरोच्या, लिऑनच्या, खांद्यामागे, लिऑन आहे, क्रिस आहे, एडा आहे, झाँबी आहेत, फॅनने मागितलेलं सगळं आहे, आणि तरी तो खेळताना मला एकदाही बॅगेची चिंता वाटली नाही, नुसते स्फोट. आणि २०१७ चा सातवा: फर्स्ट पर्सन, हीरो कोणी अनोळखी माणूस, लुइझियानातलं एक कुजकं घर, ओळखीचं म्हणावं असं जवळजवळ काही नाही. पण पहिल्या दोन तासांत मी काय करत होतो? पाच गोळ्या मोजत होतो, औषध आत्ता बनवू की थांबू यावर अडलो होतो, विंचवाच्या किल्लीचं दार शोधत होतो, आणि टेप रेकॉर्डर (तिथे सेव्ह होतं) दिसला की हुश्श म्हणत होतो. म्हणजे कॅमेरा बदललेला गेम जुन्या घरात राहत होता आणि कॅमेरा न बदललेला घर सोडून गेला होता. म्हणून टाळ्या.

याकुझाचं तसंच, फक्त गंमत जास्त. ते टर्न-बेस्ड प्रकरण लोकांना पहिल्यांदा दिसलं ते २०१९ च्या एप्रिल फूलच्या व्हिडिओत! सगळे हसले, बरेच जण म्हणाले करा की खरंच, आणि जानेवारी २०२० मध्ये जपानमध्ये गेम आलासुद्धा. मी तेव्हा साशंक होतो, इतक्या भागांचा हीरो किर्यू नाही म्हणजे काय. पण त्या सिरीजमध्ये मी मुळात मारामारीसाठी कधी गेलोच नव्हतो, मी जायचो ते मेन मिशन सोडून गल्लीबोळात भटकायला आणि कुठल्यातरी वेड्या माणसाची त्याहून वेडी अडचण सोडवायला. ते तसंच राहिलं. आणि नवा हीरो इचिबान स्वतःच ड्रॅगन क्वेस्ट या टर्न-बेस्ड गेमचा वेडा असल्यामुळे त्याला रस्त्यावरची भांडणं तशी दिसतात, म्हणजे टर्न कुठून आले याचं उत्तर गोष्टीतच आहे. (बाकी टाळ्या सरसकट नव्हत्या हो, बाराव्या चॅप्टरमध्ये जी एकदम भिंत येते आणि लेव्हल वाढवत बसावं लागतं त्याला मी तेव्हाही शिव्या घातल्या होत्या, शोधा, सापडेल.)

आता फायनल फँटसी. तुम्ही म्हणता ही सिरीज तर पहिल्यापासून दर वेळी बदलतेच, मग १६ नेच काय पाप केलं. बदलते, शंभर टक्के मान्य. १९८८ च्या दुसऱ्या भागातच त्यांनी लेव्हल काढून टाकल्या होत्या, जे वापराल ते वाढेल असा हिशोब, आणि मग लोक एचपी (जीव) वाढवायला आपल्याच पार्टीतल्या लोकांना बडवत बसायचे. आठव्यात शत्रू तुमच्याबरोबर वाढतात म्हणून शहाणे लोक लेव्हल वाढवायचीच टाळतात आणि पत्ते खेळून मॅजिक जमा करतात. बाराव्यात गॅम्बिट, म्हणजे कोणी कधी काय करायचं ते आधीच लिहून द्यायचं आणि मग लढाई चालू असताना हाताची घडी घालून बघायचं. किती वेगवेगळे प्रकार! पण यातल्या प्रत्येकात मी तीन-चार माणसांचा संसार सांभाळत होतो. कोणाला काय घालायला द्यायचं, बरं करणारा कोण, तो पडला तर उठवणार कोण. हा तो घोर.

आणि म्हणूनच टर्नचा मुद्दा नाहीये हे. त्याच पोस्टमध्ये मी रीबर्थवर (सातव्या भागाच्या रीमेकचा दुसरा हिस्सा) दोन पानं भरून प्रेम ओतलंय, ते तुम्ही सोडून दिलंत. फेब्रुवारी २०२४ चा रीबर्थ कुठे टर्न-बेस्ड आहे? तिथेही धावायचं, चुकवायचं, ब्लॉक करायचं. पण एटीबी नावाचं मीटर भरलं की थांबून हुकूम द्यायचा, एका पात्रावरून दुसऱ्यावर उडी मारायची, आणि मेनूमध्ये बसून आगीचा मटेरिया (जादूचा खडा) एलिमेंटल नावाच्या खड्याला जोडून कोणाच्या तलवारीत लावू यावर अर्धा तास घालवायचा. १६ मध्ये तर एलिमेंटचा उपयोगच नाही, आगीच्या राक्षसाला आगीने मारा, काही फरक पडत नाही. क्लाइव्हची साथीदार जिल शेजारी लढत असते पण तिला मी साधा हातातला दागिना देऊ शकत नाही. हुकूम ऐकतो तो फक्त टॉर्गल, म्हणजे कुत्रा. (कुत्रा चांगलाय. कुत्र्याबद्दल तक्रार नाही.)

इथून पुढे १६ ची आणि सातव्या भागाची गोष्ट फुटेल, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा.

१९९७ च्या सातव्या भागात एरिथ जाते तेव्हा रडू येतं ते फक्त त्या सीनमुळे नाही. मी तिच्या लिमिट ब्रेकसाठी (खास शक्तीसाठी) तासन् तास घातलेले असतात, माझी बरं करणारी ती असते, आणि पुढच्या लढाईत पार्टी निवडताना ती जागा रिकामी दिसते. म्हणजे दुःख मेनूपर्यंत येतं. १६ मध्ये क्लाइव्हचा सोबती सिड जातो, आणि तो सीन, तो आवाज, सगळं जबरदस्त आहे, माझ्या मते त्या गेममधलं सगळ्यात चांगलं पात्र तो. पण सीन संपला, कंट्रोलर हातात आला, आणि माझ्याकडचं काहीच कमी झालं नव्हतं. मेनू तसाच, क्लाइव्ह तसाच, उलट नवीन आयकॉन मिळाला. मला तेव्हा नेमकं काय खटकतंय तेच कळत नव्हतं, म्हणून कॉम्बॅटवर राग काढला. चुकीच्या माणसाला मारलं मी.

तर "ठरवायला काही नाही" हे मागे घेतो. ठरवायला भरपूर आहे, पण सगळं एकाच माणसाबद्दल. यावर तुम्ही म्हणाल की गोष्टच क्लाइव्हची आहे, एकट्याची आहे. असेल. मग मला एकट्याची गोष्ट म्हणून ती आवडली, आणि नावावरून जे मागायला गेलो होतो ते मिळालं नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात ना.

हाच निकष लावून मी बाकीच्यांवर जे लिहिलं तेही परत तपासलं, कारण तुम्ही म्हणालात माझे निकष सोयीने बदलतात. पोकेमॉन लेजेंड्स झी-ए मध्ये टर्न गेले, मूव्ह मारली की थोडा वेळ थांबावं लागतं आणि अंतरसुद्धा बघावं लागतं, पण पाणी आगीला भारी हे गणित तसंच आहे आणि सहा जणांत कोणाला घेऊ ही रात्रीची झोप उडवणारी चिंता तशीच आहे, म्हणून मला चाललं. (इमारतींच्या बाल्कन्या भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारख्या दिसतात ते नाही चाललं, पण तो मुद्दा वेगळा.) मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सवर मात्र मी थोडा अन्याय केला. स्टोरी संपली तिथेच थांबून "फार सोपा" म्हणालो, हाय रँकला (स्टोरीनंतरच्या कठीण शिकारींना) गेलोच नाही, आणि मॉन्स्टर हंटर खरा सुरू होतो तिथून हे मला कळायला हवं होतं. तरी एक तक्रार ठेवतो. जुन्या भागांत पेंटबॉल मारून जनावर नकाशावर धरून ठेवायला लागायचं, तो रंग उतरला की परत शोधा. आता सेक्रेट नावाच्या स्वारीच्या पक्ष्यावर बसलं की तो स्वतःच तिथे नेऊन सोडतो. नावात हंटर आहे आणि शोधायचं काम पक्षी करतोय.

सिव्हिलायझेशन ७ (साम्राज्य उभारायचा गेम) बद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण चोराच्या मनात चांदणं. २०२५ मध्ये तो आला तेव्हा त्यात युग बदललं की नेता तोच राहायचा आणि संस्कृती दुसरी घ्यावी लागायची, त्यावर मी "सिरीज संपली" असं लिहून मोकळा झालो होतो. परवा आठवलं की २०१० मध्ये पाचव्याने एका षटकोनात एकच तुकडी हा नियम आणला तेव्हाही मी हेच म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत, आणि आज मला सगळ्यात जास्त तास त्याच भागात दिसतात. या सिरीजचे जनक सिड मायर यांचा तो तृतीयांशाचा नियम प्रसिद्ध आहे, एक हिस्सा जुना, एक सुधारलेला, एक नवा. माझं मत असं की सातव्यात नवा हिस्सा वाटणीपेक्षा जास्त घेऊन बसलाय, पण "संपली" हे उचलली जीभ लावली टाळ्याला झालं. एक्सपान्शन येईपर्यंत त्यावर गप्प बसतो.

राहता राहिलं "एवढंच आहे तर जुने खेळा की, कोणी अडवलंय". खेळतोच आहे. फायनल फँटसीचा पाचवा भाग चालू केलाय परत, चौघांना कुठले जॉब (योद्धा, जादूगार वगैरे) द्यायचे यात काल रात्रीचे दीड वाजले. पण जुने खेळता येतात म्हणून नव्याबद्दल बोलायचंच नाही हे मला पटत नाही, मी नवा पैसे देऊन घेतो, शेवटपर्यंत खेळतो (अंगठ्या घालून का होईना), मग कुरकुर करायचा हक्क तरी ठेवा.

तुम्ही लिहिलंत की १६ दोनदा संपवला आणि दुसऱ्यांदा फायनल फँटसी नावाच्या अवघड मोडवर. मी तो मोड आता सुरू करतोय, यावेळी बिनअंगठीचा. ओडिन आणि टायटन पक्के केलेत, तिसऱ्या जागेवर गरुडा ठेवू की बहामुत यावर अडलोय, बहामुतचा चार्ज होईस्तोवर मी दर वेळी मार खातो. तुम्ही काय ठेवलं होतंत तेवढं खाली लिहा, आणि यावेळी नाव टाका म्हणजे पुढच्या भांडणाला बरं पडेल.