उर्दू अरबस्तानातून आलेली नाही, आणि माझे अब्बाही

परवा रात्री जेवण झाल्यावर अब्बांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "ये पढ जरा. अपन बाहेर के है क्या रे?"

पेन्शनरांच्या ग्रुपवर आलेला मजकूर होता. पाठवणारे काका म्हणजे अब्बांचे तलाठीपणाच्या दिवसांतले सोबती, एकाच तालुक्यात दोघांची नोकरी गेली. मजकूर असा: उर्दू अरबस्तानातून आली आणि मोगलांनी लादली. ती फक्त मुसलमानांची भाषा आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर ती लिहून कायदा मोडला आणि मराठीचा अपमान केला. पाकिस्तान उर्दूमुळेच झालं. महाराष्ट्रातल्या मुसलमानाला मराठी नकोच असते. आणि शेवटी, 'खरे मराठी असाल तर पुढे पाठवा'.

काकांनी पुढे पाठवलं. अब्बांनाही पाठवलं, हे त्यांच्या लक्षात तरी आलं का, कुणास ठाऊक. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सातबारे स्वतःच्या हातानं मराठीत लिहिले. त्यांना या वयात हा प्रश्न पडावा, याचा मला संताप आला आहे.

आधी 'अरबस्तान'. ज्या पाटीवरून हे सगळं सुरू झालं तिच्यावरचा शब्द घ्या: पातूर. अरबी वर्णमालेत 'प' हे अक्षरच नाही. ते फारसीनं जोडलं. त्याच जिल्ह्यातलं अकोट लिहायचं तर 'ट' लागतो. तो अरबीतही नाही आणि फारसीतही नाही. ट, ड, ड़ यांच्यासाठी खुणा घालून नवी अक्षरं करावी लागली, ती याच देशात, कारण बोलणाऱ्यांच्या तोंडात हे उच्चार आधीपासून होते. लिपी बाहेरून आली, हे खरं. पण लिपी म्हणजे भाषा नव्हे. मराठी कित्येक शतकं मोडीत लिहिली जात होती, म्हणून ती आज वेगळी भाषा झाली का?

आता एक वाक्य बघा. 'मैं बाज़ार से ताज़ा सब्ज़ी लाया.' बाजार, ताजा, सब्जी फारसीतून आलेले. पण 'मैं', 'से', 'लाया' काढून घेतले की वाक्य उरतच नाही, आणि हे तिन्ही इथलेच. आना, जाना, खाना, पीना, करना, मरना ही क्रियापदं आपल्या येणे, जाणे, खाणे, पिणे, करणे, मरणे यांची सख्खी भावंडं आहेत. आकडे मोजा: एक, दो, तीन. अरबी माणूस वाहिद, इस्नान, सलासा म्हणतो. उर्दूचा सांगाडा दिल्ली-मेरठकडच्या खडी बोलीचा आहे. 'उर्दू' हे नाव मात्र तुर्की, छावणी या अर्थाचं. नावावरून मूळ ठरवणाऱ्यांनी 'मराठी' बोलताना आपण किती वेळा फारसी-अरबी बोलतो तेही मोजावं. अब्बांनी जन्मभर भरलेल्या त्या सातबाऱ्यावरच तालुका, जिल्हा आणि 'इतर हक्क'मधला हक्क हे शब्द आहेत, आणि तिन्ही अरबीतून आलेले. महसूल, तहसील, वकील, अर्ज, तारीखही तसेच. शिवाजी महाराजांनी अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी भाषेत अशा शब्दांची गर्दी झाली म्हणूनच. तरी मराठीला कुणी परकी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

आणि आमच्या घरातली उर्दू? अम्मी ताटात जास्तीची पोळी वाढायला लागली की मी म्हणतो, "नक्को." हा 'नक्को' लखनौचा नाही, मराठीच्या 'नको'चा आहे. "मैंच जाताऊं", "आजच होना" यातला 'च'सुद्धा मराठीचा. दखनी, म्हणजे दख्खनमधल्या उर्दू बोलीनं हा 'च' घेतला आणि कधी सोडला नाही. ही बोली इथे चारशे वर्षांहून जुनी आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं 'किताब-ए-नौरस'मधली गाणी दखनीत रचली, त्यांत सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे. औरंगाबादचा म्हणून ओळखला जाणारा शायर वली १८व्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीकरांच्या कानावर पडला, आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना या भाषेतही गझल होते हे कळलं. त्याच्यानंतर सिराज औरंगाबादी. उर्दू कवितेच्या जडणघडणीत मराठी मुलखाचा असा वाटा आहे. तो अभिमानानं सांगायचा सोडून आपण तिला विमानतळावरच्या परदेशी पाहुण्यासारखं वागवतो.

कायदा मोडला म्हणता? मग निकाल वाचा. पातूरच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं. एका माजी नगरसेविकेनं हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी ते फेटाळलं. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो. मराठी लिहिल्यावर सोबत दुसरी भाषा लिहायला तो मनाई करत नाही. ही नगरपरिषद १९५६ पासून उर्दू वापरत होती. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, आणि उर्दू ही मराठी-हिंदीसारखीच याच भूमीत जन्मलेली भाषा आहे, असं निकालात स्वच्छ लिहिलंय. मराठी वर होती. अपमान नेमका कुठे झाला ते मला दाखवा.

पाकिस्तानच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मुस्लिम लीगनं उर्दूचा झेंडा केला. आमच्यातल्याही काही पुढाऱ्यांनी उर्दू म्हणजेच मुसलमानपण हे समीकरण वर्षानुवर्षं चालवलं. त्यानं आमचंच नुकसान केलं. माझा भाचा पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणावर अडला, तेव्हा त्या पुढाऱ्यांपैकी कुणी शिकवायला आलं नाही. पण मग गोष्ट पुरती सांगा. १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन उर्दूच राष्ट्रभाषा असेल असं बजावलं. २१ फेब्रुवारी १९५२ ला तिथे बंगालीसाठी गोळ्या खाऊन मेलेली पोरं मुसलमानच होती. भाषा आणि धर्म एकच असते तर बांगलादेश झालाच नसता.

'फक्त मुसलमानांची' यावर फार लिहीत नाही. प्रेमचंद आधी उर्दूत लिहीत, उर्दू शायर फिराक गोरखपुरींचं नाव रघुपती सहाय होतं, आणि आपल्या सेतुमाधवराव पगडींनी उर्दू शायरी मराठी वाचकापर्यंत आणली. एवढं पुरे.

राहिला सगळ्यात विषारी मुद्दा, मुसलमानाला मराठी नको असते हा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. ते सगळे मुसलमान धरले तरी बाकीचे पन्नास लाखांवर लोक घरात काय बोलतात, याचा विचार तरी करा. कोकणात जाऊन ऐका. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद 'योगसंग्राम' कोणत्या भाषेत लिहून गेले? संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गळा फोडणारे शाहीर अमर शेख कोण होते? मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीतच लिहिते झाले. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं ते १९९० साली. आणि ज्यांची भाषा उर्दूच आहे, तेही सातबारा मराठीतच वाचतात, बाजार समितीत भाव मराठीतच करतात.

अब्बांनी ग्रुप सोडलेला नाही. मी सोड म्हणालो तर म्हणाले, "नक्को रे." रविवारी त्याच काकांच्या शेताच्या मोजणीचे जुने कागद लावून द्यायला ते जाणार आहेत, महिन्यापूर्वीच कबूल केलंय. मीही सोबत जातोय, निकालाची प्रत घेऊन.